अडीच हजारावे वर्ष

२०१४ च्या जूनमध्ये श्रीलंकेतल्या अलुथगामा गावी मुस्लिमांच्या घरादुकानांवर हल्ले झाले. त्याआधीच्या सभेत भडक भाषणे करणारे चीवरधारी भिक्खू होते. वाचनालयात ती बातमी वाचून माझे एक नागपूरकर स्नेही म्हणाले, "हे आमच्या धम्मात बसत नाही. काहीतरी खोटे छापले असेल." बातमी खोटी नव्हती आणि धम्माबद्दल स्नेह्यांचे म्हणणेही चूक नव्हते. या दोहोंचा मेळ लावण्यात माझी पुढची काही वर्षे गेली. मला सिंहली येत नाही, पाली जेमतेम. इंग्रजी पुस्तके हीच माझी शाळा.

शोधत मागे गेलो तो १९५६ पाशी थांबलो. थेरवादी गणनेनुसार बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा अडीच हजार वर्षे होत होती. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. श्रीलंकेत मात्र या वर्षाला दुसराही अर्थ होता. 'महावंस' हा जुना ग्रंथ सांगतो, की सिंहलींचा मूळपुरुष विजय बेटावर उतरला तो परिनिर्वाणाच्याच दिवशी, आणि लंकेत आपला धर्म नांदणार म्हणून तिचे रक्षण व्हावे असे बुद्धांनी सांगितले होते. म्हणजे धम्माचे अडीच हजारावे वर्ष तेच वंशाचेही! नागपुरात धम्म जन्माने लादलेली पायरी नाकारत होता. कोलंबोत तोच जन्माने मिळालेल्या मालकीचा दाखला ठरला.

त्याच वर्षी तिथे निवडणूक होती. सिंहली लोक सुमारे सत्तर टक्के, पण इंग्रजी शिकलेल्या तमिळांचे सरकारी नोकऱ्यांतले प्रमाण त्यांच्या संख्येहून जास्त. खरे दुखणे हे होते. केलनिया विहाराचे प्रमुख बुद्धरक्खित यांनी भिक्खूंची फळी उभारून एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांचा प्रचार केला. बंदरनायके जन्माने अँग्लिकन ख्रिस्ती, ऑक्सफर्डचे पदवीधर. बौद्ध झाले ते राजकारणात शिरताना. एप्रिलमध्ये ते जिंकले आणि जूनमध्ये एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा आला.

पुढच्या वर्षी त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला: प्रादेशिक मंडळे, आणि उत्तर-पूर्वेत कारभारासाठी तमिळ. चेल्वनायकम हेही ख्रिस्तीच, अनुयायी बहुतांशी हिंदू. श्रद्धेवरूनच भांडण असते, तर ही दोन माणसे अशी समोरासमोर येतीच ना. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या बंगल्यापुढे ठाण मांडले. करार रद्द केल्याचे लेखी घेतल्यावरच ते उठले. पुढच्या महिन्यात दंगली पेटल्या. पुढे पंचवीस वर्षांनी सुरू झालेल्या यादवीची वाट त्या अंगणातून जाते, असे मला वाटते.

बंदरनायके तरी सुटले का? २५ सप्टेंबर १९५९ ला ते व्हरांड्यात लोकांना भेटत होते. सोमराम नावाचा भिक्खू, पेशाने डोळ्यांचा वैद्य, समोर आला. पंतप्रधानांनी वाकून वंदन केले आणि त्याने चीवरातून पिस्तूल काढले. दुसऱ्या दिवशी ते वारले. कटाचा सूत्रधार म्हणून दोषी ठरले बुद्धरक्खितच. सरकारी वकिलांनी मांडलेल्या हेतूंत जहाजवाहतुकीच्या एका कंत्राटाचा वाद होता. धम्माचे नाव घेऊन सत्तेच्या दारात आलेल्यांची मागणी अखेर अशी दुकानदारीची निघाली.

हे सारे मी स्नेह्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या हातात राज्य नव्हते म्हणून आम्ही वेगळे राहिलो, असे म्हणायचे आहे का तुम्हाला?" मी म्हटले, काही अंशी हो. त्यांना ते पटले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस राज्य हाती आले तरी तसा वागणार नाही, असे ते अजूनही म्हणतात, आणि आमचा वाद चालू आहे.

सोमराम १९६२ मध्ये फासावर गेला. त्याआधी त्याने बाप्तिस्मा घेतला होता.