झरियाचे थर आणि थरांतील आग

झारखंडमधील धनबाद जिल्ह्यात दामोदर नदीच्या काठी पसरलेले झरियाचे कोळसाक्षेत्र नकाशावर विळ्याच्या आकाराचे दिसते. त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ३८ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस किलोमीटर आहे. शेजारचे राणीगंज क्षेत्र याहून बरेच विस्तीर्ण असले, तरी पोलाद उद्योगाच्या दृष्टीने झरियाचे मोल वेगळेच आहे, कारण उच्च प्रतीचा कोकिंग कोळसा भारतात मुख्यतः येथेच सापडतो. हवा लागू न देता सुमारे एक हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवला असता आधी मऊ पडून फुगणारा आणि मग घट्ट, सच्छिद्र कोक बनणारा तो कोकिंग कोळसा. झोतभट्टीत लोहखनिजाचा भार पेलूनही न चुरडणे आणि वायूला वर जाण्यास वाट ठेवणे ही दोन्ही कामे हा कोक करतो.

भूविज्ञानाच्या भाषेत झरिया ही एक द्रोणी, म्हणजे भूपृष्ठ खचून झालेला खोलगट भाग आहे. भारत दक्षिण गोलार्धात गोंडवनभूमीचा भाग असताना हिमनद्यांनी आणून टाकलेले दगडगोटे या द्रोणीच्या तळाशी आहेत आणि ओडिशातील तालचेरवरून त्या खडकांना तालचीर हे नाव पडले. त्यावर पर्मियन काळात, सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी, नद्यांची वाळू साचत गेली आणि जिभेसारख्या पानांच्या ग्लॉसोप्टेरिस वनस्पतींच्या दलदली माजल्या. दक्षिण सीमेवरील मोठ्या विभंगालगत, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या रेषेलगत, द्रोणीचा तळ खचत राहिल्याने दलदल गाडली जाई, वाळू येई आणि पुन्हा दलदल माजे. बराकर नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत म्हणूनच एकावर एक असे कोळशाचे अठरा मुख्य थर आहेत आणि त्यांना खालून वर क्रमांक दिलेले आहेत. पुढे तप्त शिलारस या थरांत घुसला, तेव्हा त्याच्या स्पर्शाने कोळसा जागच्या जागी भाजून निघाला. करड्या रंगाचा आणि बारीक खांबांसारखा फुटणारा हा कोळसा ‘झामा’ म्हणून ओळखला जातो.

जाड, भूपृष्ठालगतचे आणि एकमेकांच्या जवळ असलेले थर हे झरियाचे वैभव, आणि तेथील आगीचे मूळही त्यातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रेल्वे आल्यावर लहानमोठ्या खासगी मालकांनी वरचे, सहज हाती लागणारे थर आधी उपसले. छत पेलण्यासाठी कोळशाचेच खांब राखून मधला कोळसा काढायचा, ही तेव्हाची पद्धत होती. पण खांब कमजोर उरले, पोकळ्या वाळूने भरल्या गेल्या नाहीत, जमीन खचली आणि भेगांतून हवा आत शिरली. कोळशाचा ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर पडू शकली नाही की कोळसा आपोआप पेटतो. भौरा खाणीत १९१६ मध्ये पहिली आग नोंदली गेली. थरांमधील खडक पातळ असल्याने एका थरातील आग दुसऱ्याला लागण्यास वेळ लागत नाही. कोट्यवधी वर्षांत एकदाच साठणारा एवढा मौल्यवान कोळसा केवळ वाळू भरण्याचा खर्च वाचवण्यापायी राख व्हावा, ही या देशाच्या खाणकामातील सर्वांत महागडी काटकसर म्हटली पाहिजे.

कोकिंग कोळशाच्या खाणी १९७२ मध्ये राष्ट्रीयीकृत झाल्या, तरी आगी विझल्या नाहीत. त्यांना तोंड देण्यासाठी आजवर खंदक खणून जळता भाग वेगळा करणे, भेगा मातीने बुजवणे आणि जळता थर उघडा करून उपसून काढणे असे उपाय योजले गेले. खंदक उशिरा खणला तर आग आधीच पलीकडे गेलेली असते, आणि थर उघडा करताना त्याला नवी हवा मिळण्याचा धोकाही असतो. वस्ती हलवण्यासाठी २००९ मध्ये मोठी योजना मंजूर होऊन बेलगडिया येथे घरे बांधण्यात आली. मात्र खाणीच्या भोवती हातावर पोट असणाऱ्या कुटुंबांना घराबरोबर रोजगारही हलवावा लागतो, आणि तो हलत नसल्याने भेगांतून धूर निघणाऱ्या जमिनीवर अजूनही माणसे राहत आहेत.