सिंक पूर्ण होईपर्यंत

लिनक्सवर बीटीआरएफएस फाइलसिस्टिम कॉम्प्रेशन चालू करून माउंट केली आणि रॅममध्ये मावेल एवढा फोल्डर तिच्यावर कॉपी केला, की आकडे फार देखणे येतात. झेडलिब लावा नाहीतर झेडएसटीडी, ‘टाइम’ कमांड जवळपास सारखाच वेळ दाखवते. कारण डेटा आधी पेज कॅशमध्ये जातो. तो दाबण्याचं काम पुढे डिस्कवर लिहिताना कर्नलचे वर्कर थ्रेड करतात आणि त्यांचा सीपीयू कॉपीच्या खात्यावर पडत नाही.

म्हणून मोजताना मी शेजारच्या टर्मिनलवर ‘टॉप’ उघडं ठेवतो. कॉपी संपते, प्रॉम्प्ट परत येतो. मग ‘सिंक’ दिलं की केवर्कर नावाच्या ओळी भराभर वर चढतात, सगळे कोअर कामाला लागतात, पंख्याचा आवाज वाढतो. झेडलिब असेल तर त्या ओळी लवकर खाली उतरत नाहीत. सिंक पूर्ण होईपर्यंतचा वेळ आणि त्या काळात अख्ख्या मशीनने खर्चलेला सीपीयू, हे दोन आकडे हाती आल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

या पद्धतींचं मूळ एकच: लेम्पेल आणि झिव्ह यांनी 1977 साली मांडलेली कल्पना. मागे येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर त्याच्या जागी फक्त ‘इतकं मागे, इतकी लांबी’ एवढं लिहायचं. एलझेड4 इथेच थांबतं, म्हणून एका कोअरवर सेकंदाला 500 एमबीहून अधिक डेटा दाबतं. झेडलिब त्यावर हफमन कोडिंगही करतं आणि तिथे सीपीयू जातो. एलझेड4 लिहिणाऱ्या यान कोले यांनीच पुढे झेडएसटीडी केलं. 2016 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली, 2017 च्या अखेरीस कर्नल 4.14 सोबत ते बीटीआरएफएसमध्ये पोचलं. माझ्या मते झेडलिब नव्याने निवडायला त्यानंतर कारणच उरलेलं नाही.

वाचण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. फाइल एकदा लिहिली जाते, वाचली जाते अनेकदा. झेडएसटीडीची पातळी 1 वरून 15 वर नेली तर लिहिणं कमालीचं मंदावतं, उलगडण्याचा वेग मात्र फारसा बदलत नाही. सेकंदाला 150 एमबी देणाऱ्या फिरत्या डिस्कवर निम्म्या आकाराला दाबलेली फाइल सलग वाचली, तर न दाबलेल्या फाइलपेक्षा ती लवकर हाती येते. सीपीयू तोवर डिस्कची वाटच पाहत असतो. सेकंदाला काही जीबी देणाऱ्या एनव्हीएमईवर हेच उलटू शकतं. शिवाय बीटीआरएफएसचा दाबलेला तुकडा 128 केबीपर्यंतचा असतो. डेटाबेसला त्यातले 4 केबीच हवे असले, तरी अख्खा तुकडा उलगडावा लागतो.

चाचणीला कुठला डेटा घेता, यावर तर सगळंच फिरतं. नुसत्या शून्यांची फाइल घेतली तर कुठलीही पद्धत अजिंक्य ठरते. लॉग आणि सोर्स कोड छान दबतात. जेपेग फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असल्याने तिथे सीपीयू फुकट जळतो. ओपनझेडएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमने 2.2 आवृत्तीत यावर सुरेख तोड काढली: झेडएसटीडीची पातळी 3 किंवा त्यावर असेल, तर ब्लॉकवर आधी स्वस्तातलं एलझेड4 चालवून पाहायचं, मग झेडएसटीडीची पहिली पातळी, आणि दोन्हींनी हात टेकले तर तो ब्लॉक आहे तसाच डिस्कवर लिहायचा.