तिकिटाबरोबर धोकाही विकत घेतला जातो का?

इंग्लंडमध्ये मोटार शर्यतीच्या तिकिटावर एक इशारा छापलेला असतो : मोटार शर्यत धोकादायक असते. प्रेक्षक तो वाचतो किंवा वाचतही नाही, आणि आत जातो. एखादी मोटार गर्दीत घुसली, तर या एका ओळीने आयोजकांची जबाबदारी संपते का? हा प्रश्न जुना असला, तरी शिळा झालेला नाही. २१ एप्रिल २०२४ रोजी श्रीलंकेतील दियातलावा येथे शर्यतीतील मोटार मार्ग सोडून गर्दीत शिरली आणि सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक लहान मुलगीही होती.

या प्रश्नाचे पहिले महत्त्वाचे उत्तर इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या खटल्यात मिळाले. १९३० साली तेथे दोन मोटारी एकमेकींना घासल्या, त्यांपैकी एक कठड्यावर जाऊन आदळली आणि दोन प्रेक्षक दगावले. हा शर्यतमार्ग १९०७ पासून सुरू होता, पण असा प्रकार पूर्वी कधी घडला नव्हता. अपील न्यायालयाने आयोजकांना दोषमुक्त केले. आयोजकांनी वाजवी काळजी घेतली पाहिजे, मात्र प्रत्येक संकटाची हमी त्यांनी द्यावी, असे म्हणता येणार नाही. खेळाच्या स्वरूपातच असलेला, कोणाही समंजस माणसाला दिसणारा धोका प्रेक्षक स्वतःहून पत्करतो, असे या निर्णयाचे सार होते.

यातील ‘दिसणारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मोटारी वेगाने धावतात, हे प्रेक्षकाला दिसते. आपल्यापुढचे कुंपण तो वेग अडवू शकेल की नाही, हे त्याला कसे कळणार? ते जाणण्याचे साधन असते आयोजकांकडे.

फ्रान्समधील ल माँ येथे ११ जून १९५५ रोजी नेमके हेच घडले. तेथे थांब्यांसमोरचा रस्ता अरुंद होता आणि थांब्याकडे वळणाऱ्या मोटारींसाठी वेगळी मार्गिका नव्हती. माइक हॉथॉर्न याने थांब्यासाठी वेग कमी केला, त्याला चुकवताना लान्स मॅक्लिनची मोटार बाजूला सरकली आणि मागून भरधाव आलेली पिएर लव्हेग याची मर्सिडीज तिच्यावर चढून मातीच्या बांधावर आदळली. तिचे जळते भाग गर्दीत फेकले गेले. लव्हेगसह ८० हून अधिक माणसे गेली. अधिकृत चौकशीत कोणाही चालकावर ठपका ठेवण्यात आला नाही. वेग वाढत गेला, पण मार्ग जुनाच राहिला, हे खरे कारण होते. पुढील वर्षीच्या शर्यतीपूर्वी थांबे व प्रेक्षागृह पाडून नव्याने बांधले गेले. म्हणजेच जो धोका अटळ भासत होता, तो टाळण्याजोगा होता.

त्यानंतरची वाटचालही हेच सांगते. १९९८ साली मिशिगन आणि १९९९ साली शार्लट या अमेरिकी शर्यतींत तुटलेली चाके व अवशेष प्रेक्षकांत पडून प्रत्येकी तीन जण मरण पावले. त्याच सुमारास चाके मजबूत दोरांनी मोटारीच्या सांगाड्याला बांधण्याची पद्धत रूढ झाली. तरीही २००१ साली मेलबर्न येथे सुटलेले चाक कुंपणातील फटीतून गेले आणि एक स्वयंसेवक ठार झाला. सुरक्षिततेचे काम एकदा करून संपत नाही, ते असे.

अर्थात प्रेक्षकाचीही जबाबदारी आहेच. रॅली खुल्या रस्त्यांवर चालते. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत लोक मोटारींच्या वाटेतच उभे राहात होते. एक मोटार गर्दीत घुसून तिघे मरण पावले. मनाई केलेल्या जागी जाणारा माणूस धोका खरोखरच ओढवून घेतो. परंतु तेथेही गर्दी आवरत नसेल, तर शर्यत थांबवण्याचा अधिकार असतो आयोजकांच्याच हाती.

ब्रिटनच्या १९७७ च्या कायद्याने हा विचार स्पष्ट शब्दांत मांडला. व्यावसायिक आयोजकांच्या हलगर्जीपणामुळे मृत्यू वा इजा झाल्यास ती जबाबदारी कोणत्याही सूचनेने झटकता येत नाही. सूचना वाचली, एवढ्यावरून माणसाने धोका स्वीकारला, असेही धरता येत नाही. तिकीट घेणारा प्रेक्षक वेगाचा धोका पत्करतो. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचा धोका मात्र त्याने पत्करलेला नसतो.