पानांआडचा आवाज

वटवाघूळ अपशकुनी, असे आजी म्हणे. पण ते रात्री स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. दाट झाडीत पानापानांतून प्रतिध्वनी उठतात. तेथे नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेली वटवाघळे तग धरतात. आखूड, रुंद पंखांमुळे ती चटकन वळतात. एकाच पट्टीतील लांब सुरामुळे त्यांना पानांतही किड्याची फडफड कळते. लांब, अरुंद पंखांच्या जाती मात्र मोकळ्यावर वेगाने शिकार करतात. म्हणून रान विरळ झाले की रानातल्या जातीही बदलतात. तमिळनाडूतील वालपराईत २०१० नंतर झालेल्या पाहणीत चहाच्या उघड्या मळ्यांत थोड्या, तर सावलीच्या कॉफीमळ्यांत अधिक जाती आढळल्या. सरपणासाठी आम्हीही रानातली झुडपे तोडली आहेत. कोणाचा आसरा गेला, हे आज उमगते.