उरलंसुरलं कुणाच्या पोटात?

"ताई, मी तर काहीच खात नाही, तरी वजन वाढतंय!" बचत गटाच्या बैठकीत हे नेहमी ऐकते. खरं सांगू? मीही हेच म्हणायचे. गेल्या वर्षी गुडघे कुरकुरू लागले, रक्तातली साखरही काठावर आली. डॉक्टरांनी कंबर मोजली, ९१ सेंटिमीटर! आपल्याकडच्या बायकांची ती ८० च्या आत हवी.

मग आठवडाभर पोटात जाणारं सगळं वहीत लिहिलं. मुलांच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्यातला उरलेला भात, 'वाया कशाला घालवायचा' म्हणून. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चाळीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय, शक्यतो २५ च्या आत ठेवा. शिवाय सगळ्यांचं झाल्यावर साडेदहाला जेवण आणि लगेच अंथरूण.

उपास वाढवले नाहीत. चहा दोनच, तोही एक चमचा साखरेचा. कणीक बेताची भिजवली, आठला सगळ्यांबरोबर पानावर बसू लागले, रोज अर्धा तास चालले. सहा महिन्यांत चार किलो उतरलं. सासूबाईंना आधी रुचलं नाही. आता त्याच आठला हाक मारतात.

मैत्रिणींनो, आपलं पोट म्हणजे उरल्यासुरल्याचा डबा नव्हे. आजच वही काढा!