लोहाचे खत आणि सॅल्मनचे पीक

समुद्रात लोह टाकले की सॅल्मन मासे वाढतात, ही समजूत गेल्या दशकभरात बरीच रूढ झाली असून तिच्या पुष्ट्यर्थ कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोरील हैदा ग्वाई बेटांचा दाखला हटकून दिला जातो. तेथील ओल्ड मॅसेट या हैदा लोकांच्या गावाने, मतदान घेऊन व सुमारे 25 लाख डॉलरांचे भांडवल उभारून, 2012 च्या जुलै महिन्यात बेटांच्या पश्चिमेस भर समुद्रात 100 टनांहून अधिक लोहसंयुगे, मुख्यत्वे हिराकस, ओतविली. ओसरत चाललेली मासळी पूर्ववत व्हावी हा गावकऱ्यांचा हेतू निर्मळ होता. वाद आहे तो केवळ निष्कर्षाबद्दल.

लोहाने समुद्र हिरवा होतो, एवढे मात्र निर्विवाद आहे. ईशान्य पॅसिफिकच्या पाण्यात नायट्रेट विपुल, परंतु लोह अत्यल्प असल्याने वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटते, हे जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या विवेचनानंतर अनेक प्रयोगांनी सिद्ध केले. हैदा ग्वाईचा हिरवा पट्टाही उपग्रहांना दिसला. गफलत होते ती पुढच्या पायरीवर. हिरवळ वाढली म्हणजे मासा वाढलाच, असे मानताना आपण विसरतो की अन्नसाखळीच्या प्रत्येक कडीवर ढोबळमानाने दशांशच ऊर्जा वर पोचते, आणि ती नेमकी कोणाच्या मुखी पडेल हे लोह टाकणाऱ्याच्या हाती नसते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने 2009 मध्ये दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला, तेव्हा प्लवक वाढले खरे, परंतु पाण्यात सिलिका अपुरी असल्याने, कवचासाठी ती लागणाऱ्या डायाटम या प्लवकांना फोफावता आले नाही, आणि जे इतर सूक्ष्म जीव वाढले ते कोपेपॉड नामक चिमुकल्या कवचधारींनी फस्त केले.

सर्वांत आकर्षक पुरावा म्हणून जो पुढे केला जातो, तो कासातोची ज्वालामुखीचा. 2008 च्या ऑगस्टमध्ये अल्यूशन बेटांतील हा पर्वत जागा झाला, त्याच्या राखेतील लोहाने ईशान्य पॅसिफिक हिरवागार झाला, आणि 2009 मध्ये जेथे जेमतेम 15 लाख सॉकाय सॅल्मन समुद्रातून परतले होते त्या कॅनडातील फ्रेझर नदीत 2010 साली जवळजवळ 3 कोटी आले. तेव्हा राखेनेच मासे वाढविले, असा तर्क काही समुद्रशास्त्रज्ञांनीही मांडला. तर्क सुरेख आहे, पण त्यावर घेतलेला आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: 2010 मध्ये परतलेले बहुतेक मासे 2008 च्या वसंतात समुद्रात उतरले होते, आणि राख पडली त्या वेळी ती पिले किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकत होती, हिरवळीच्या मध्यभागी नव्हती. शिवाय फ्रेझरच्या सॉकायचे चक्र चार वर्षांचे असून 2010 हे त्यातील भरतीचेच वर्ष होते. 2014 मध्ये सुमारे 2 कोटी मासे परतल्यावर लोहाच्या पुरस्कर्त्यांनी त्याचे श्रेय घेतले, परंतु तेही त्याच चक्रातील पुढचे वर्ष! 2013 मध्ये अलास्कात गुलाबी सॅल्मनचे विक्रमी पीक आले, हेही सांगितले जाते. मात्र एकदाच केलेल्या, तुलनेसाठी लोहविरहित क्षेत्र न राखलेल्या कृतीवरून कार्यकारणभाव ठरविता येत नाही.

लोहाने समुद्र विषारी होतो, ही विरोधकांची समजूतही तितकीच अतिरंजित आहे. 100 टन लोहसंयुगे 10,000 चौरस किलोमीटरांवर पसरली असे धरल्यास दर चौरस किलोमीटरला 10 किलो पडतात. एवढ्याने समुद्र विषारी होत नाही. खरी धास्ती निराळी आहे: त्याच सागरभागातील पाण्यावर झालेल्या संशोधनात, लोह दिल्यावर डोमोइक आम्ल हे मज्जाविष निर्माण करणारे डायाटम वाढल्याचे 2010 साली आढळले. समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या लंडन करारातील राष्ट्रांनी तर 2008 मध्येच ठराव करून वैध शास्त्रीय संशोधनाव्यतिरिक्त असे खत घालण्यास प्रतिकूलता दर्शविली होती.

आणखी एक गोष्ट या चर्चेत झाकली जाते. सॅल्मनचे भवितव्य केवळ समुद्रात ठरत नाही, ते परततात त्या नदीतही ठरते. लोहमार्गाच्या बांधकामामुळे 1914 साली हेल्स गेट येथे दरड कोसळून फ्रेझरची वाट अरुंद झाली आणि सॉकायच्या संख्येला मोठा फटका बसला. पुढे 1940 नंतरच्या दशकात तेथे माशांना चढण्यासाठी मार्ग बांधावे लागले. त्याच नदीवरील बिग बार येथील दरड 2019 मध्ये उघडकीस आली, तेव्हा तर शासनाला हजारो सॅल्मन हेलिकॉप्टरने उचलून अडथळ्याच्या वर नेऊन सोडावे लागले.