परक्या संगणकावर सादरीकरणाची फाइल का उघडत नाही?

आपल्या विभागातील एका संशोधक विद्यार्थ्यास बाहेरगावच्या एका चर्चासत्रात जो अनुभव आला, तो येथे नमूद करणे उपयुक्त ठरेल. मराठीतील तालव्य व दंत्य चवर्गीय ध्वनींचा भेद हा त्याच्या निबंधाचा विषय होता, आणि त्याचा सारा भर ‘जग’ ह्या एका लिखित शब्दावर होता. ‘विश्व’ ह्या अर्थाच्या ‘जग’मधील ज तालव्य, तर ‘जगणे’ ह्या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपातील ज दंत्य. देवनागरी लेखनात हा भेद दिसत नाही. म्हणून त्याने दोन्ही शब्द आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लिहिले होते व प्रत्येकाखाली ध्वनिमुद्रित उच्चार जोडला होता. सभागृहातील संगणकावर पेन ड्राइव्हवरील फाइल उघडलीच नाही. ई-मेलने स्वतःस धाडून ठेवलेली प्रत उघडली; परंतु ध्वनिलिपीच्या जागी असंबद्ध रोमन अक्षरे दिसू लागली आणि ध्वनी तर मुळीच ऐकू येईना. अध्यक्षांनी ‘भेद कोठे आहे?’ असे विचारले, तेव्हा दाखविण्यास पडद्यावर काहीच नव्हते.

‘फाइल उघडत नाही’ ही तक्रार आपण एका वाक्यात करतो. वस्तुतः तीत किमान तीन निरनिराळे दोष एकत्र झालेले असतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही.

पहिला दोष फाइलीच्या रचनेचा. ऑफिस 2007 पासून पॉवरपॉइंटची फाइल पीपीटीएक्स ह्या रूपात साठविली जाते. हे रूप म्हणजे एक झिप पेटीच होय; तीत प्रत्येक स्लाइडचा मजकूर, चित्रे व ध्वनी स्वतंत्र लहान फाइलींत असतात. ह्या पेटीची अनुक्रमणिका तिच्या अगदी शेवटी लिहिलेली असते. त्यामुळे नक्कल पुरी होण्याआधीच पेन ड्राइव्ह उपसला, तर सुरुवातीचा पुष्कळसा भाग शाबूत असूनही फाइल उघडत नाही. (शेवटची पाने गळालेल्या पोथीचा आरंभ तरी वाचता येतो!) यास्तव पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढावा, आणि नक्कल दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. जुन्या पीपीटी फाइलीच्या नावाचे शेपूट बदलून पीपीटीएक्स करणे हा मात्र उपाय नव्हे. नाव बदलल्याने रचना बदलत नाही. ती फाइल मूळ नावानेच उघडून नव्या रूपात पुन्हा साठवावी लागते. ई-मेलने आलेली फाइल केवळ वाचनापुरती, ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडते, तो तर दोषच नव्हे.

दुसरा दोष अक्षरांचा, आणि भाषेच्या अभ्यासकाने खरे लक्ष पुरवावे तो येथेच. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली होती. ‘कृतिदेव 010’ ह्या फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द टंकिला, तर फाइलीत साठतात ती ई, जे, के, मोठा बी व एच ही पाच रोमन अक्षरे. फॉन्ट असेतोवर ती मराठी दिसतात. फॉन्ट नसला की आपले मूळ रूप प्रकट करतात. म्हणजे त्या फाइलीत मराठी मजकूर कधी नव्हताच, मराठीचा देखावा होता! जुन्या ध्वनिलिपी-फॉन्टांचीही हीच गत. आपल्या विद्यार्थ्याने आपली उदाहरणे एका जुन्या प्रबंधाच्या फाइलीतून जशीच्या तशी उचलली होती.

‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ ही सोय वापरून फॉन्ट फाइलीतच घालता येतो. फॉन्टकर्त्याने तशी मुभा ठेवलेली असली पाहिजे, इतकेच. पण ही मलमपट्टी झाली. असा मजकूर शोधता येत नाही, वर्णानुक्रमे लावता येत नाही, शब्दसंग्रहात घेता येत नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच खरा उपाय. तो यांत्रिकपणे पार पडतो असे मात्र समजू नये. जुने फॉन्ट टंकलेखन यंत्राप्रमाणे अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवितात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘दिवस’मधील वेलांटी तेथे द च्या आधी येते, येथे नंतर, ‘धर्म’मधील रफार तेथे म च्या नंतर येतो, येथे र् म्हणून म च्या आधी. रूपांतर करणारी साधने नेमकी अशा ठिकाणी चुकतात, आणि जोडाक्षरांवर रफार व वेलांटी दोन्ही आली की विशेषच. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये 2008 साली आले. त्यापूर्वीच्या फॉन्टात त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. तेव्हा रूपांतरित मजकूर मुद्रितशोधकाच्या नजरेने ओळीओळीने वाचल्यावाचून सुटका नाही. ध्वनिलिपीसाठी ‘डूलॉस एसआयएल’ वा ‘कॅरिस एसआयएल’ हे युनिकोड फॉन्ट विनामूल्य मिळतात.

ध्वनीविषयी थोडक्यात. ध्वनी स्लाइडमध्ये अंतर्भूत करता येतो किंवा नुसता दुव्याने जोडता येतो. दुव्यात केवळ आपल्या संगणकावरील पत्ता असतो, आणि परक्या संगणकावर त्या पत्त्यावर कोणीच राहत नसते. 2007 पर्यंतच्या पॉवरपॉइंटमध्ये मोठ्या ध्वनिफाइली आपोआप दुव्यानेच जोडल्या जात. जुनी सादरीकरणे पुन्हा वापरताना हे ध्यानात असावे. ‘पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी’ ह्या आज्ञेने अशा फाइली सादरीकरणासह एका फोल्डरमध्ये गोळा होतात. सोबत पीडीएफ प्रतही ठेवावी. तीत अक्षरे सहसा बिघडत नाहीत. ध्वनी मात्र वेगळे न्यावेत.

उपरोक्त विद्यार्थ्याने ‘जग’ची दोन्ही रूपे आता युनिकोडमध्ये लिहिली आहेत आणि दोन्ही उच्चार स्लाइडमध्येच अंतर्भूत केले आहेत. ज्या प्रबंधातून त्याने उदाहरणे घेतली, त्यातील उरलेले तक्ते मात्र अद्याप जुन्याच फॉन्टात आहेत. त्यांच्या रूपांतराचे काम विभागात सुरू असून, मुद्रित प्रतीशी ते ताडून पाहण्यास साहाय्यकांची गरज आहे.